उलट प्रश्न: फिजिकल थेरपीच्या प्रवेश-मुलाखतीचं एक प्रकरण

ऑक्टोबर २०२५ मधल्या एका दुपारी माझ्या भाचीचा फोन आला. न्यू जर्सीतल्या घरी, आपल्या खोलीत बसून तिने नुकतीच झूमवर पहिली मुलाखत दिली होती. चाळीस मिनिटं सगळं छान चाललं होतं. फिजिकल थेरपीच (आपली फिजिओथेरपी) का, अर्जाआधी थेरपिस्टांबरोबर केलेल्या निरीक्षणाच्या तासांत काय पाहिलंस, रुग्ण व्यायामाला नाही म्हणाला तर काय करशील, या सगळ्याची तिची तयारी होती. मग समोरच्या प्राध्यापकांनी विचारलं, ‘आता तुझे प्रश्न?’ तिच्यापुढे इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या तेवीस प्रश्नांचा कागद होता. तिने पहिला वाचला: तुमच्या विद्यार्थ्यांचा परवान्याच्या बोर्ड परीक्षेचा निकाल किती टक्के लागतो? प्राध्यापकांनी आकडा सांगितला आणि सौम्यपणे म्हणाले, ‘हे आमच्या संकेतस्थळावर आहे बरं का.’ त्यानंतर उरलेल्या बावीस प्रश्नांतला एकही तिला विचारावासा वाटेना. ‘मावशी, मी नुसतं थँक यू म्हणून कॅमेरा बंद केला,’ असं सांगताना तिचा आवाज भरून आला होता.

मी गेली अठरा वर्षं अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट आहे. रिहॅब हॉस्पिटलमध्ये काम करते, माझ्या हाताखाली विद्यार्थी क्लिनिकल रोटेशनला, म्हणजे रुग्णांबरोबर काम करून शिकायला येतात, आणि दोन हंगाम मी एका विद्यापीठाच्या प्रवेश-पॅनलवर बाहेरची थेरपिस्ट म्हणून बसले आहे. त्या शेवटच्या पाच मिनिटांत उमेदवारांचे डोळे कागदाकडे कसे वळतात, ते मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलेलं आहे. म्हणून तिचं हे प्रकरण पुढच्या चार महिन्यांत मी अगदी जवळून हाताळलं. तिच्या परवानगीने ते इथे मांडते आहे. महाविद्यालयांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट व्हायला आता डीपीटी, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी ही पदवी लागते. १९९३ मध्ये ओमाहाच्या क्रेटन विद्यापीठाने असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, आणि २०१६ पासून मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना हीच पदवी द्यावी लागते. चार वर्षांच्या बॅचलरनंतर साधारण तीन वर्षं. मान्यता देणारी संस्था कॅप्टे. बहुतेक अर्ज पीटीकॅस या एकाच पोर्टलवरून जातात. पदवीनंतर एनपीटीई ही राष्ट्रीय परीक्षा असते: वर्षातून चार वेळा, २०० ते ८०० च्या मापावर ६०० ला उत्तीर्ण, बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीन प्रयत्न आणि आयुष्यभरात सहा. ही परीक्षा पार झाल्याशिवाय परवाना नाही. याच परीक्षेचा निकाल तिने विचारला होता.

भाचीने सात ठिकाणी अर्ज केले होते, त्यांपैकी तीन ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलं. पहिली तर झालीच होती.

त्या संध्याकाळी मी ताईच्या घरी गेले तर भाऊजींचा सूर वेगळाच. ‘मुलाखतीला जायचं, विचारतील त्याचं नीट उत्तर द्यायचं. हे उलट प्रश्न कशाला? जागा त्यांची आहे.’ मला त्यांचं म्हणणं परकं वाटलं नाही. मी मुंबईत बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी केली तेव्हा प्रवेश गुणांवर मिळाला होता, मुलाखत नव्हतीच. नंतर चार वर्षं प्रत्येक व्हायवाला बाहेरचे परीक्षक विचारणार आणि आपण मान खाली घालून सांगणार, हाच रिवाज. ‘उलट बोलू नये’ हे तर आमच्या सगळ्यांच्या हाडीमांसी रुजलेलं. पण इथे मुलगी तीन वर्षं आणि लाखभर डॉलरच्या वर रक्कम एका दारात ठेवणार होती. दार आत कुठे उघडतं हे विचारणं हा उद्धटपणा नाही, असं मी भाऊजींना सांगितलं. ते पटल्यासारखे दिसले नाहीत. चहा मात्र त्यांनीच केला.

मग आम्ही दोघींनी तो तेवीस प्रश्नांचा कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. प्रत्येक प्रश्नाला मी एकच कसोटी लावायला सांगितली: याचं उत्तर काय येतं त्यावरून तुझा निर्णय बदलणार आहे का? ‘इथे शिकवताना तुम्हाला सर्वांत काय आवडतं?’ याला कुणीही ‘आमचे विद्यार्थी’ असंच म्हणणार. खोडला. वर्गात किती मुलं, फी किती, किती आठवडे क्लिनिक, हे सगळं संकेतस्थळावर. कॅप्टेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक अभ्यासक्रमाला आपले निकाल आणि खर्चाचं एक पत्रक लोकांसमोर ठेवावंच लागतं. तेही खोडले. अर्ध्या तासात तेविसांतले सोळा गेले. उरलेल्या सातांपैकी चार प्रश्न असे होते, की त्यांची खरी उत्तरं प्राध्यापक देऊ शकत नाहीत, विद्यार्थीच देतील: परीक्षेत नापास झालं तर दुसरी संधी कशी मिळते, रात्री किती वाजता झोपता, एखाद्या सरांची वेळ मागितली तर किती दिवसांनी मिळते, बॅचमधली मुलं नोट्स एकमेकांना देतात की लपवतात. ते चार टूर देणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी बाजूला ठेवले. काही ठिकाणी मुलाखतीची एमएमआय पद्धत असते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात निघालेल्या या पद्धतीत उमेदवार ठरावीक मिनिटांनी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. तिथे प्राध्यापकांना विचारायला वेळच मिळत नाही, आणि जे काही कळायचं ते या विद्यार्थ्यांकडूनच कळतं.

पॅनलसाठी तीनच प्रश्न उरले.

पण निकालाचा प्रश्न आम्ही टाकून दिला नाही, तो फिरवला. कॅप्टेची अट अशी आहे की दोन वर्षांच्या सरासरीने किमान ८० टक्के विद्यार्थी पदवीधर व्हावेत आणि किमान ८५ टक्के शेवटी एनपीटीई उत्तीर्ण व्हावेत. ‘शेवटी’ या शब्दात बरंच काही दडलेलं असतं. पहिल्या प्रयत्नाचा निकाल आणि अखेरचा निकाल हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि जाहिरातीत साहजिकच मोठा आकडा असतो. आणखी एक गोष्ट मी तिला दाखवली. ज्या तिसऱ्या महाविद्यालयात तिला बोलावलं होतं, त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या एका शाखेचे आकडे आम्ही काढले. उत्तीर्णांचं प्रमाण डोळे दिपवणारं, पण आत आलेल्या पाचांपैकी जवळजवळ एकजण पदवीपर्यंत पोचलाच नव्हता. कच्ची मुलं परीक्षेआधीच गळली तर उरलेल्यांचा निकाल उत्तम लागणारच. म्हणून प्रश्न असा झाला: ‘पहिल्या वर्षी जो विद्यार्थी अडखळतो, त्याचं तुमच्याकडे पुढे काय होतं?’ ‘किती टक्के’पेक्षा हा प्रश्न विचारायला अवघड आहे, पण याचं उत्तर कुठल्याही पानावर छापलेलं नसतं.

दुसरी मुलाखत

नोव्हेंबरमध्ये शेजारच्या राज्यातल्या एका जुन्या खासगी महाविद्यालयात तिला दिवसभरासाठी बोलावलं. इमारत साधी. ॲनाटॉमीच्या प्रयोगशाळेत चार-चार विद्यार्थ्यांमागे एक देह, स्वतः विच्छेदन करायचं. बऱ्याच ठिकाणी आता आधी कापून ठेवलेले नमुने किंवा पडद्यावरचं टेबल असतं, त्यामुळे ही गोष्ट तिने वहीत लगेच टिपली. जेवताना दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींनी सांगितलं की न्यूरोसायन्सच्या पहिल्या परीक्षेत वर्गातले बरेच जण पडले होते, आणि त्याच आठवड्यात बाईंनी संध्याकाळी जादा तास लावले. हे सांगताना त्या मुली वैतागलेल्या नव्हत्या. भाचीने तेही लिहून घेतलं.

पॅनलपुढे तिचा पहिला प्रश्न मात्र आम्ही ठरवलेल्या तिनांपैकी नव्हता. तो तिला आदल्या रात्री सुचला होता. तिने निरीक्षणाचे बरेच तास एका नर्सिंग होममध्ये केले होते. तिथे तिच्या लक्षात आलं होतं की थेरपिस्ट रुग्णाला तपासतात आणि उपचारांची आखणी करतात, पण रोजचा उपचार बऱ्याचदा पीटीए करतात. पीटीए म्हणजे फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट, दोन वर्षांची पदविका घेतलेले. भारतात असताना हा दर्जा मला माहीत नव्हता, तो मला इथे येऊन शिकावा लागला. एक सत्तरीच्या आजीबाई, कंबरेचं हाड मोडल्यानंतरच्या, वॉकरवर आठवडाभर तेवढ्याच अंतरावर थांबत होत्या. पीटीएला शंका होती की काहीतरी बिघडलंय. थेरपिस्ट दुसऱ्या इमारतीत होते, तीन दिवस येऊ शकले नाहीत. भाचीने हा प्रसंग थोडक्यात, कुणाचंही नाव न घेता सांगितला आणि विचारलं, ‘दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या उपचाराची जबाबदारी कशी घ्यायची, हे तुम्ही विद्यार्थ्यांना कोणत्या वर्षी आणि कसं शिकवता?’

ती सांगते, की समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी आधी तिलाच विचारलं की त्या पीटीएच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस. मग आपल्याकडे शेजारच्या कम्युनिटी कॉलेजच्या पीटीए विद्यार्थ्यांबरोबर एकत्र प्रयोगवर्ग होतो तो कसा चालतो ते सांगितलं, आणि तो अजून हवा तसा जमलेला नाही, हेही सांगितलं. पाचाची बारा मिनिटं झाली.

पॅनलवर बसून मला जे कळलं ते इथे नोंदवते. उमेदवाराचा प्रश्न ऐकताना आम्ही त्यात त्याचे डोळे शोधतो: हा कुठे उभा राहिला होता, त्याने काय पाहिलं? इंटरनेटवरचा प्रश्न कितीही चांगला असला तरी त्यात हे डोळे नसतात. निरीक्षणाच्या तासांत एकदा तरी ‘हे असं का?’ वाटलेलं असतंच. तोच प्रश्न घेऊन जावा.

मग ठरवलेला प्रश्न, क्लिनिकचा. कॅप्टेच्या नियमाने किमान तीस आठवडे पूर्णवेळ क्लिनिकल शिक्षण लागतं. या आठवड्यांचं ठिकाण ठरवण्याचं काम डीसीई म्हणजे क्लिनिकल शिक्षणाच्या संचालकांचं असतं, आणि माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमातला हा सर्वांत नाजूक सांधा आहे. मी सीआय, म्हणजे क्लिनिकमधली मार्गदर्शक म्हणून दोनदा ऐन वेळी विद्यार्थिनी घेतलेल्या आहेत. आधीच्या ठिकाणची थेरपिस्ट नोकरी सोडून गेली, की विद्यार्थी अधांतरी. अशी एक मुलगी माझ्याकडे दोन सूटकेस घेऊन चारशे मैलांवरून आली होती. दहा आठवड्यांसाठी घर शोधायला तिला चार दिवस मिळाले होते. त्या दहा आठवड्यांची पूर्ण फी ती भरत होती आणि कामाचा एक पैसा तिला मिळत नव्हता. भाऊजींना मी हे सांगितलं तेव्हा ते थक्क झाले: ‘म्हणजे पैसे भरून राबायचं?’ मुंबईत माझ्या इंटर्नशिपला तुटपुंजं का होईना, विद्यावेतन मिळायचं.

भाचीने विचारलं: ‘गेल्या बॅचमधल्या किती जणांची क्लिनिकमधली प्लेसमेंट शेवटच्या महिन्यात रद्द झाली, आणि दुसरी जागा कुणी शोधली?’ डीसीईंनी क्षणभरही न थांबता आकडा सांगितला. मग प्रत्येकाचं कारण. दुसरी जागा शोधणं हे आमच्या कचेरीचं काम, विद्यार्थ्याने स्वतः फोन करत बसायचं नाही, असंही सांगितलं. प्रत्येकाचं एक तरी रोटेशन राहत्या ठिकाणाहून दूर असेल आणि घरभाडं तुम्हालाच भरावं लागेल, हे त्यांनी न विचारता जोडलं. आकडा शून्य नव्हता. तरी भाचीने वहीत त्यापुढे बरोबरची खूण केली होती.

तिसरी मुलाखत आणि दोन आठवडे

तिसरा अभ्यासक्रम नवा होता. दोन वर्षांत डीपीटी, निम्मा भाग ऑनलाइन, झगमगीत माहितीपत्रक. त्याला कॅप्टेची पूर्ण मान्यता अजून मिळालेली नव्हती, ‘कँडिडेट’ हा आधीचा दर्जा होता. कँडिडेट दर्जा असला तर विद्यार्थी घेता येतात, पण मान्यतेचा निर्णय पहिली बॅच बाहेर पडण्याच्या सुमाराला होतो. तो नकारात्मक आला तर त्या मुलांचा परवान्याचा रस्ताच अडतो. नवं म्हणजे वाईट असं मी म्हणणार नाही. १९९३ मध्ये क्रेटनही नवंच होतं. पण नव्या ठिकाणी विचारायचे प्रश्न वेगळे.

भाचीने विचारलं की मान्यता लांबली तर पहिल्या बॅचचं काय. उत्तर आलं, ‘आम्हाला पूर्ण विश्वास आहे.’ तिने विचारलं, पूर्णवेळ प्राध्यापकांच्या किती जागा भरल्या आहेत? ‘भरती जोरात चालू आहे.’ क्लिनिकचे करार किती ठिकाणांशी झाले? ‘देशभर आमचं जाळं आहे.’ तिन्ही उत्तरं गोड आवाजात आली आणि एकातही आकडा नव्हता. तिने वहीत तिन्ही शब्दशः लिहून ठेवली. हे मी तिला आवर्जून सांगितलं होतं: मुलाखत संपल्यावर गाडीत बसून, आठवतं आहे तोवर, त्यांचेच शब्द लिही. आठवड्याभराने फक्त ‘छान वाटलं’ एवढंच उरतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात याच तिसऱ्या ठिकाणाहून प्रवेशाचं पत्र आलं. जागा राखायला बाराशे डॉलर, परत न मिळणारे, चौदा दिवसांत. पहिल्या महाविद्यालयाने तिला प्रतीक्षायादीत टाकलं होतं. ते त्या एका प्रश्नामुळे झालं असं म्हणायला माझ्याकडे काहीच आधार नाही. दुसरं जानेवारीत कळवणार होतं. हेही तिला माहीत होतं, कारण तिचा तिसरा प्रश्न तोच होता: निर्णय कधी कळवाल, आणि राखीव रक्कम भरायची मुदत किती?

ते चौदा दिवस घरात जड गेले. ताई म्हणाली, ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.’ तिचं चूक नव्हतं. भाचीने मुदत वाढवून मागितली, ती मिळाली नाही. दुसऱ्या महाविद्यालयाला तिने नम्रपणे पत्र लिहून आपली अडचण सांगितली. त्यांनी लिहिलं की निर्णय लवकर देता येणार नाही. शेवटच्या रात्री आम्ही चौघं टेबलाशी बसलो आणि तिने वही मोठ्याने वाचली. एका पानावर आकडे, नावं, कबुल्या. दुसऱ्या पानावर विश्वास, भरती, जाळं. भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच म्हटलं, ‘दोन वर्षांनी परीक्षेलाच बसू दिलं नाही तर त्या बाराशेचं काय घेऊन बसलीस?’ पैसे भरले नाहीत. ताई माझ्याशी तीन दिवस बोलली नाही.

दुसऱ्या महाविद्यालयाचं पत्र जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. प्रवेश मिळाला. ते आलं नसतं तरी मी हाच सल्ला दिला असता का, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. दिला असता. पण मग ताईचा अबोला तीन दिवसांत संपला नसता.

भारतातून बीपीटीएच करून इकडे यायचा विचार करणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण महिन्यातून एकदा तरी कुणाचा तरी फोन येतो. तुमच्यासाठी पहिला प्रश्न निराळा आहे: हा अभ्यासक्रम नव्याने थेरपिस्ट घडवणारा आहे की आधीच थेरपिस्ट असलेल्यांसाठी आहे? ट्रान्झिशनल डीपीटी दुसऱ्या प्रकारात मोडते. तिने नावापुढे डॉक्टर लागतं, पण नुसत्या त्या पदवीवर परवाना मिळत नाही. आपल्या पदवीचं एफसीसीपीटीसारख्या संस्थेकडून मूल्यमापन, मग एनपीटीई, ही वाट वेगळी आहे. मी तीच चालले. प्रवेश-कचेरीतल्या माणसाला ‘या पदवीने मी तुमच्या राज्यात परवान्याला पात्र होईन का?’ असं थेट विचारा आणि उत्तर लेखी मागा.

राहिला पैसा. २०२३ मध्ये अमेरिकेत फिजिकल थेरपिस्टचं मध्यक वार्षिक वेतन ९९,७१० डॉलर होतं. हे चांगलंच आहे, पण डीपीटीची फी त्या मानाने अवजड आहे. त्यात जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद केलं, आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या सरकारी कर्जाला वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलरची मर्यादा घातली. ‘व्यावसायिक’ पदव्यांना याच्या दुप्पट एकूण मर्यादा आहे, पण शिक्षण खात्याने मांडलेल्या व्याख्येत फिजिकल थेरपी नव्हती. भाचीची बॅच नेमकी या तारखेनंतर सुरू होणार. त्यामुळे फेब्रुवारीत भाऊजींनी स्वतः त्या महाविद्यालयाच्या कर्ज-कचेरीला फोन लावला. मी समोर होते. फी दरवर्षी किती वाढते, आत असलेल्या बॅचलाही वाढते का, क्लिनिकच्या सत्रांत विमा आणि घरभाडं धरून किती लागतं, मागच्या वर्षीच्या मुलांनी कमी पडलेली रक्कम कुठून उभी केली. पंचवीस मिनिटं ते विचारत होते. मधेच खूण करून त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं.

एक प्रश्न मात्र आमच्या यादीत कधीच नव्हता, आणि तो त्या फोनवर पलीकडच्या बाईंनीच विचारला: मुलीकडे स्वतःची गाडी आहे ना? रोटेशनच्या बहुतेक ठिकाणी बस जात नाही, सकाळी सातला हजर व्हावं लागतं. भाची कॉलेजात चार वर्षं आवारातच राहिली, ताईची गाडी ती फक्त गावातल्या गावात चालवते. आता दर रविवारी सकाळी भाऊजी तिला टर्नपाइक या महामार्गावर गाडी चालवायला घेऊन जातात, आणि एक जुनी करोला बघून ठेवली आहे.